मेनूतलं जुनं कर्नल

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. या अटींत न बसणारे, पण अजून ठणठणीत असलेले लॅपटॉप घरोघरी आहेत. त्यांतल्या कित्येकांवर आता कुणीतरी, बहुधा घरातलंच कॉलेजात जाणारं पोर, लिनक्स बसवून देतं. बसवणं काही अवघड राहिलेलं नाही. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करायचं, भाषा आणि कीबोर्ड निवडायचा, विंडोजशेजारी जागा करून द्यायची, नाव-पासवर्ड टाकायचा, की अर्ध्यापाऊण तासात काम फत्ते. घोडं अडतं ते त्यानंतर.

यंत्र पुन्हा सुरू केलं की ओळखीच्या चिन्हाऐवजी एक गडद पडदा समोर येतो. त्यावर ना चित्र, ना माउसचा बाण, नुसत्या ओळी. लिनक्सचा उबुंटू हा प्रकार बसवला असेल तर त्या अशा: ‘उबुंटू’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू’, ‘मेमरी टेस्ट’, ‘विंडोज बूट मॅनेजर’, ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’. खाली सेकंदांची उलटी मोजणी चालू असते. काहीच केलं नाही तर पहिली ओळ आपोआप निवडली जाते आणि लिनक्स सुरू होतं. बहुतेक जण इथेच सुटकेचा निःश्वास टाकतात. एखादा चौकस मात्र दुसऱ्या ओळीवर एंटर दाबतो, आणि आत त्याला दिसतं: ‘उबुंटू, विथ लिनक्स ६.८.०-४५-जेनेरिक’. त्याखाली तेच, पण कंसात ‘रिकव्हरी मोड’. त्याखाली ‘६.८.०-४४-जेनेरिक’, आणि पुन्हा त्याचा रिकव्हरी मोड. आपण तर लिनक्स एकदाच बसवलं, मग ही चार-चार कुठून आली? एकावर एक दोनदा बसलं का? जागा खात असेल, जुनं काढून टाकावं का?

एकदाच बसलं आहे. तुमच्या फाइली, तुमचे प्रोग्रॅम, तुमची सेटिंग्ज, सगळं एकच आहे. वेगवेगळी आहेत ती फक्त कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहेत. लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाने हा मेनू एकदा शांतपणे वाचायला शिकलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पडदा काळा राहिला आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट जमा करायचा असला, की याच ओळींपैकी एक कामाला येते.

हा मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव ग्रब. बटण दाबल्यावर आधी जागं होतं ते मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे जुन्या यंत्रांवर बायोस आणि नव्यांवर यूईएफआय. ते ग्रबला उठवतं. ग्रब डिस्कवरचा ‘बूट’ नावाचा फोल्डर उघडतो, त्यातून कर्नलची फाइल मेमरीत आणून ठेवतो आणि सूत्रं तिच्या हाती देऊन बाजूला होतो. तिथून पुढे मेमरी कुणाला किती द्यायची, प्रोसेसरवर पाळी कुणाची, कुठलं बटण दाबलं गेलं हे कुठल्या प्रोग्रॅमला कळवायचं, हे सगळं कर्नल बघतं. म्हणजे ग्रबचं आयुष्य काही सेकंदांचं, पण कुठलं कर्नल उठवायचं हे ठरतं ते त्याच सेकंदांत.

पूर्वी हे काम लिलो नावाचा प्रोग्रॅम करायचा. त्याला फाइल आणि फोल्डर कळत नसत. कर्नल डिस्कच्या कुठल्या ठोकळ्यांवर लिहिलेलं आहे याची यादी तो आधीच करून ठेवायचा आणि सुरू होताना ते ठोकळे उचलायचा. नवं कर्नल टाकलं आणि लिलोची कमांड पुन्हा चालवायला विसरलं, की यादीतले ठोकळे एकीकडे आणि कर्नल दुसरीकडे. यंत्र सुरूच होत नसे. ग्रबचा जन्म १९९५ चा, आणि तोही लिनक्ससाठी झालेला नाही. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं हर्ड हे स्वतःचं कर्नल सुरू करता यावं म्हणून एरिक बोलिन यांनी तो लिहायला घेतला. १९९९ पासून तो ग्नूचा अधिकृत भाग म्हणून वाढला. त्याला फाइल सिस्टिम वाचता येते, आणि सगळा फरक त्यानेच पडला. समोर असलेला फोल्डर उघडून नावाने फाइल शोधता येत असल्यामुळे, तिथे चार कर्नल असतील तर चार ओळी दाखवता येतात, आणि ऐन वेळी ओळ बदलूनही पाहता येते.

कर्नलसोबत ग्रब आणखी एक फाइल मेमरीत ठेवतो. तिचं नाव ‘इनिटआरडी’ असं सुरू होतं. हिची गरज अशी: ग्रब डिस्क वाचतो ती फर्मवेअरच्या मदतीने. कर्नल एकदा चालू झालं की ते डिस्कसाठी स्वतःचे ड्रायव्हर वापरतं. पण ते ड्रायव्हर असतात डिस्कवरच. डिस्क वाचायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मिळवायला डिस्क. हा तिढा सोडवायला, सुरुवातीपुरते लागणारे ड्रायव्हर आणि थोडी साधनं एका गठ्ठ्यात बांधून कर्नलच्या हाती आधीच दिली जातात. प्रत्येक कर्नलचा गठ्ठा वेगळा असतो. नवं कर्नल बसताना मध्येच वीज गेली किंवा डिस्क भरली, तर कर्नल पूर्ण बसलेलं असतं पण हा गठ्ठा अर्धवट राहतो, आणि पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ उमटून सगळं थांबतं. शब्द भयानक आहे, दुरुस्ती तशी नाही. मागच्या कर्नलने यंत्र सुरू करायचं आणि अपडेट पुन्हा चालवायचं.

आता ती ओळ वाचू. ‘६.८.०-४५-जेनेरिक’ यातला ६.८ हा मूळ लिनक्स कर्नलचा क्रमांक. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत सुरू केलेल्या कामाची ही गणती. १.० आवृत्ती मार्च १९९४ मधली. पुढे बरीच वर्षं मधला आकडा सम असेल तर आवृत्ती वापरण्याजोगी आणि विषम असेल तर प्रयोगाची, असा संकेत होता. २.६ नंतर तो सुटला. ३.० आलं जुलै २०११ मध्ये, ४.० एप्रिल २०१५ मध्ये, ५.० मार्च २०१९ मध्ये, ६.० ऑक्टोबर २०२२ मध्ये. पहिला आकडा बदलला म्हणून काही क्रांती झालेली नसते. मधला आकडा फार वाढला, मोजायला गैरसोयीचा झाला, की टोरवाल्ड्स पहिला पुढे सरकवतात, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलेलं आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवं कर्नल येतं, आणि त्यांतल्या निवडक आवृत्त्यांची डागडुजी वर्षानुवर्षं चालू राहते.

नंतरचं शून्य उबुंटूपुरतं नुसतं जागा धरून बसलेलं आहे, त्याकडे लक्ष द्यायला नको. लक्ष द्यायचं ते ४५ कडे. उबुंटूची मंडळी ६.८ घेऊन त्यात सुरक्षेच्या आणि इतर दुरुस्त्या घालत राहतात आणि हा आकडा वाढवत नेतात. म्हणजे ४४ आणि ४५ ही एकाच कर्नलची मागचीपुढची भावंडं. शेवटचं ‘जेनेरिक’ म्हणजे सर्वसाधारण यंत्रांसाठी बांधलेलं. ध्वनिमुद्रणाचं काम करणारे ‘लो-लेटन्सी’ प्रकारचं कर्नल घेतात, कारण त्यांना आवाजात क्षणाचाही उशीर चालत नाही. कधी मेनूत ६.८ शेजारी एकदम ६.११ किंवा ६.१४ दिसतं. तिथेही दचकायचं कारण नाही. उबुंटू २४.०४ ही एप्रिल २०२४ ची आवृत्ती ६.८ घेऊन आली, पण नव्या लॅपटॉपचं हार्डवेअर चालावं म्हणून तिला पुढे २०२५ मध्ये आधी ६.११ आणि मग ६.१४ देण्यात आलं. त्या काळात अपडेट केलेल्या यंत्रावर दोन्ही पिढ्या शेजारीशेजारी नांदताना दिसतात.

डेबियन, फेडोरा आणि आर्च हे लिनक्सचे असेच इतर प्रकार. डेबियनच्या ओळीत शेवटी ‘एएमडी६४’ असतं. माझ्या लॅपटॉपवर तर इंटेलचं स्टिकर आहे, हे चुकीचं कर्नल बसलं की काय, ही शंका मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. ६४ बिटांची ही रचना आधी एएमडीने आणली आणि मग इंटेलने तीच स्वीकारली, म्हणून ते नाव राहिलं. कर्नल दोघांनाही चालतं. फेडोराच्या मेनूत शेवटी ‘रेस्क्यू’ आणि मागे बत्तीस अक्षरांची एक अगम्य ओळ असते. ते लिनक्स बसवतानाच बाजूला काढून ठेवलेलं कर्नल. त्याच्या गठ्ठ्यात या यंत्रापुरते नाही तर सगळ्या प्रकारचे ड्रायव्हर भरलेले असतात. डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात घातली तरी ते उभं राहण्याची शक्यता दांडगी. आर्चच्या मेनूतल्या ‘फॉलबॅक’ ओळीमागेही हाच विचार आहे.

मुख्य प्रश्न मात्र राहतोच: नवं आल्यावर जुनं ठेवायचं कशाला? मोबाइलवर ॲप अपडेट झालं की जुनं जातं. इथेही ब्राउझर किंवा ऑफिस अपडेट झालं की जुनं पुसलंच जातं. पण ब्राउझर बिघडला तर त्याच यंत्रावरून तो दुरुस्त करता येतो. कर्नल बिघडलं तर दुरुस्त करायला बसायचं कशावर? म्हणून उबुंटू-डेबियनमध्ये प्रत्येक नवं कर्नल स्वतंत्र पॅकेज म्हणून येतं, जुन्याच्या शेजारी बसतं आणि त्याला हात लावत नाही. नवं बियाणं रानात उगवून आलेलं दिसेपर्यंत मागच्या हंगामातलं कणगीत राखून ठेवावं, तसं हे आहे.

ही सावधगिरी पुस्तकी नाही. जानेवारी २०१८ मध्ये काय झालं ते बघा. ३ जानेवारीला मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी जगजाहीर झाल्या. एका प्रोग्रॅमला कर्नलच्या मेमरीत डोकावता यावं अशी ही भानगड होती, आणि इंटेलचे कित्येक वर्षांचे प्रोसेसर तिच्या तडाख्यात होते. खरं तर सगळ्यांनी मिळून ९ जानेवारी ही जाहीर करण्याची तारीख ठरवली होती, पण बातमी आधीच फुटली. दुरुस्तीसाठी कर्नलच्या अगदी पोटातली, मेमरीची मांडणी बदलावी लागणार होती, आणि तीही घाईत. उबुंटू १६.०४ साठी ९ तारखेला ४.४.०-१०८ हे कर्नल आलं. काही यंत्रांवर ते बसलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि पुढे काही नाही. यंत्र उठेना. हे सुरक्षेचं अपडेट होतं, नेटाने लगेच बसवणारी जबाबदार माणसंच त्यात आधी सापडली. त्यांनी केलं ते एवढंच: यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं, मेनूत दुसऱ्या ओळीवर जाऊन मागचं कर्नल निवडलं, आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशी ४.४.०-१०९ आलं आणि प्रश्न मिटला. मागचं कर्नल पुसलं गेलं असतं तर त्या लोकांना पेनड्राइव्ह शोधत बसावं लागलं असतं.

अशी उदाहरणं दर एक-दोन वर्षांनी घडतात. सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस आलेल्या ५.१९.१२ मध्ये इंटेलच्या ग्राफिक्सच्या भागात चूक राहिली होती. काही लॅपटॉपचे पडदे पांढरे पडून फडफडू लागले, आणि पॅनेलला इजा होऊ शकते म्हणून हे कर्नल वापरू नका, असं इंटेलच्याच अभियंत्याने कळवलं. काही दिवसांत ५.१९.१३ आलं. ९ डिसेंबर २०२३ ला डेबियन १२.३ प्रसिद्ध व्हायचं होतं. त्यातल्या ६.१.६४ कर्नलमुळे ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवरची माहिती बिघडू शकते हे लक्षात आलं, म्हणून प्रकाशन रोखलं गेलं आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कर्नलसह थेट १२.४ आलं. डेबियनसारखं चार-चारदा तपासून देणारं घरही यातून सुटत नाही. पण अशा वेळी मागे सरायची वाट त्यांनी आधीच बांधून ठेवलेली असते.

रोजच्या वापरात मात्र दोष बहुतेकदा कर्नलचा नसतोच. एनव्हिडियाचा ड्रायव्हर किंवा जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या वायफायचा ड्रायव्हर बाहेरून आणून बसवलेला असतो. कर्नल बदललं की तो त्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. हे आपोआप होतं, पण कधी बांधणी फसते, आणि सकाळी यंत्र सुरू केलं तर वायफाय गायब किंवा पडदा काळा. अशा वेळी मागचं कर्नल निवडून पाहावं. त्यावर सगळं नीट चाललं, तर दुखणं नव्या कर्नलच्या जोडीला आलेलं आहे हे निदान एका मिनिटात होतं. सध्या कुठलं कर्नल चालू आहे हे टर्मिनलमध्ये ‘युनेम -आर’ ही कमांड सांगते. (कमांड अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

आता रिकव्हरी मोड. नाव ऐकून अनेकांना वाटतं की हे निवडलं तर मोबाइलचा फॅक्टरी रीसेट होतो तसं सगळं पुसलं जाईल. तसं काहीही होत नाही. तेच कर्नल, त्याच फाइली, फक्त यंत्र कमीत कमी गोष्टींसह सुरू होतं. उबुंटूत थोडा वेळ पांढरी अक्षरं सरसर वर जातात आणि मग एक साधा मेनू येतो. त्यात ‘रिझ्यूम’ म्हणजे नेहमीसारखं पुढे चला. ‘क्लीन’ म्हणजे जागा मोकळी करायचा प्रयत्न. ‘डीपीकेजी’ म्हणजे अर्धवट बसलेली पॅकेजं पुरी करा. ‘एफएससीके’ म्हणजे डिस्कवरची फाइल सिस्टिम तपासा. ‘नेटवर्क’ म्हणजे इंटरनेट चालू करा. ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी म्हणून कमांड लिहायची जागा.

आपल्याकडे यातलं सर्वांत उपयोगी पडतं ते ‘एफएससीके’. यूपीएस नसलेला डेस्कटॉप, उन्हाळ्यातलं भारनियमन किंवा पावसाळ्यात एकदम गेलेली वीज, आणि डिस्कवर काहीतरी लिहिलं जात असताना यंत्र धाडकन बंद. ईएक्सटी४ आपली नोंदवही ठेवते आणि बहुतेक वेळा स्वतःच सावरते. पण कधी ‘मॅन्युअली तपासा’ असा संदेश देऊन अडून बसते. तेव्हा रिकव्हरी मोडमधून तपासणी लावली की ती तुटलेले दुवे जोडून घेते. ‘डीपीकेजी’ ही दुसरी कामाची ओळ, अपडेट चालू असताना वीज गेल्यावर लागणारी. ‘रूट’ मध्ये गेल्यावर डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, काही लिहायचं तर आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू’ आणि पुढे एक तिरकी रेघ ही कमांड द्यावी लागते. विसरलेला पासवर्ड बदलायचा तो इथेच. मग ‘रिझ्यूम’ करून डेस्कटॉपवर गेलात तर चित्र कधी जाड, विचित्र आकाराचं दिसतं, कारण या मोडमध्ये ग्राफिक्सचा पूर्ण ड्रायव्हर लावलेला नसतो. काम झालं की यंत्र एकदा नीट पुन्हा सुरू करावं.

बाकीच्या ओळींचं फार सांगण्यासारखं नाही. ‘मेमरी टेस्ट’ रॅम तपासते. यंत्र कुठल्याही कारणाशिवाय मध्येच बंद पडत असेल तर रात्रभर लावून ठेवावी. ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ थेट फर्मवेअरच्या पडद्यावर नेते.

ज्याला या मेनूची खरी ताकद पाहायची आहे त्याने पहिल्या ओळीवर येऊन ‘ई’ हे अक्षर दाबावं. ती ओळ उघडते आणि आतल्या सूचना दिसतात. दहाबारा ओळी असतात. त्यांतली ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी शोधायची. तिच्यात आधी कर्नलच्या फाइलचं नाव, मग ‘रूट=यूयूआयडी=’ आणि आकडे-अक्षरांची लांब माळ, मग ‘आरओ’, ‘क्वाएट’, ‘स्प्लॅश’. ती माळ म्हणजे डिस्कच्या त्या भागाची कायमची ओळख. दुसरी डिस्क लावली, केबल बदलली, पहिलीची दुसरी झाली, तरी ओळख तीच राहते, म्हणून कर्नल चुकत नाही. ‘आरओ’ म्हणजे आधी फक्त वाचण्यापुरतं जोड, तपासणी झाली की मग लिहायला घे. ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ म्हणजे बडबड करू नको, चित्र दाखव.

यंत्र लोगोवर अडकलं असेल तर हेच दोन शब्द पुसायचे आणि कंट्रोल धरून एक्स किंवा एफ१० दाबायचं. चित्र निघून जातं आणि कर्नल काय करत आहे ते ओळीओळीने समोर येतं. कुठल्या ओळीवर ते थांबतं हे पाहिलं की अर्धा तपास झाला. एखादी डिस्क सापडत नाही म्हणून दीड मिनिटाची मोजणी चालू आहे का, ग्राफिक्सचं नाव येऊन सगळं गोठतं का, हे स्वच्छ दिसतं. ग्राफिक्सवर गोठत असेल तर ‘स्प्लॅश’च्या पुढे ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहून पाहायचा. त्याने कर्नल पडद्याची मांडणी स्वतः बदलण्याच्या फंदात पडत नाही, फर्मवेअरने दिलेल्या साध्या चित्रावर काम भागवतं. नव्या एनव्हिडिया कार्डाच्या यंत्रावर लिनक्स बसवल्यावर पहिल्यांदा आत शिरायला या एका शब्दाने असंख्य लोकांना मदत केली आहे. आत गेल्यावर योग्य ड्रायव्हर बसवायचा आणि पुढच्या वेळी तो शब्द नको.

इथला बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो, आणि मला या रचनेतली सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे. काही चुकीचं लिहिलं, यंत्र उठलं नाही, तर बंद करून पुन्हा सुरू करा, ओळ जशीच्या तशी मूळ रूपात परत आलेली असेल. धीर करून पाहायला यापेक्षा सुरक्षित जागा संगणकात दुसरी नाही.

कायमचा बदल हवा असेल तर तो लिनक्समधून करायचा. ‘इटीसी’ फोल्डरात ‘डिफॉल्ट’ नावाचा उपफोल्डर आहे, त्यात ‘ग्रब’ नावाची फाइल. कर्नलला द्यायचे शब्द, मेनू किती सेकंद दिसावा, आधी कुठली ओळ निवडलेली असावी, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. बदल करून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवलं की मेनू नव्याने तयार होतो. ‘बूट’ फोल्डरातल्या ‘ग्रब डॉट सीएफजी’ या फाइलला मात्र हात लावू नये. ती यंत्राने लिहिलेली असते आणि पुढच्या कर्नलबरोबर पुन्हा लिहिली जाते, तुमची मेहनत वाया जाईल. एखादं कर्नल त्रास देत असेल आणि दुरुस्ती येईपर्यंत मागच्यावरच राहायचं असेल तर आधीच्या ‘ग्रब’ फाइलमध्ये ‘ग्रब डिफॉल्ट’ पुढे ‘सेव्ह्ड’ लिहावं आणि खाली ‘ग्रब सेव्हडिफॉल्ट’ ला ‘ट्रू’ द्यावं. मग शेवटचं निवडलेलं लक्षात राहतं. विंडोजची ओळ मेनूतून गायब झाली असेल तर बहुधा विंडोज जागेवरच आहे. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधण्याचं काम सुरक्षेच्या कारणाने मुळात बंद ठेवलेलं असतं. याच फाइलमध्ये ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ ला ‘फॉल्स’ दिलं की ती ओळ परत येते.

यंत्रावर उबुंटू एकटंच असेल तर हा मेनू दिसतच नाही. वेळ शून्य ठेवून तो लपवलेला असतो. जुन्या बायोसच्या यंत्रावर सुरू होताना शिफ्ट धरून ठेवलं, किंवा यूईएफआयच्या यंत्रावर फर्मवेअरचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदाच दाबलं, की तो समोर येतो. मागच्या वेळी यंत्र नीट सुरू झालं नसेल तर उबुंटू तो स्वतःहून दाखवतं, तीस सेकंद. माझं म्हणणं असं की लपवूच नये. त्या फाइलमध्ये ‘हिडन’ च्या जागी ‘मेनू’ लिहून पाच सेकंद द्यावेत. रोजचे पाच सेकंद गेले तर जातील, पण पडदा काळा झाल्यावर शिफ्ट की एस्केप या विवंचनेत कुणी सापडू नये. दुसऱ्याला यंत्र तयार करून देणाऱ्याने तर हे करूनच द्यावं.

जुनी कर्नल किती साठू द्यायची, हेही सांगितलं पाहिजे. कर्नल आणि त्याचा गठ्ठा मिळून शंभर मेगाबाइटच्या आसपास जागा ‘बूट’ मध्ये जाते. डिस्क कूटबद्ध करून लिनक्स बसवलं असेल तर ‘बूट’ हा वेगळा, छोटा भाग असतो, आणि तो भरला की पुढचं अपडेट अर्ध्यावर अडकतं. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ ही कमांड अधूनमधून चालवली की जास्तीची कर्नल निघून जातात. चालू असलेलं आणि सर्वांत ताजं यांना ती हात लावत नाही. फेडोरा मुळात तीनच ठेवतं. फाइल मॅनेजर उघडून त्या फाइली हाताने पुसायच्या नाहीत. पॅकेजच्या नोंदीत त्या राहतात आणि मग प्रत्येक अपडेट तक्रार करत राहतं. आणि नवं कर्नल आल्या दिवशीच साफसफाई नको. वायफाय, ब्लूटूथ, प्रिंटर, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे सगळं चार दिवस बघून मग करावी.

शेवटी सुरक्षेचा प्रश्न. ‘ई’ दाबून कुणालाही कर्नलला हवं ते सांगता येतं, तर ‘इनिट=/बिन/बॅश’ असंही सांगता येतं. मग पासवर्ड न विचारताच सर्वाधिकार हाती येतो. उबुंटूच्या रिकव्हरीतला ‘रूट’ही सहसा पासवर्ड मागत नाही. हे भोक नकळत राहिलेलं नाही. यंत्र ज्याच्या हातात, तो त्याचा मालक, असं धरून केलेली ही रचना आहे, आणि घरातल्या डेस्कटॉपवर तीच सोयीची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा कार्यालयात ग्रबला पासवर्ड लावता येतो. पण त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नये. डिसेंबर २०१५ मध्ये स्पेनमधल्या वॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की ग्रब वापरकर्त्याचं नाव विचारत असताना बॅकस्पेस २८ वेळा दाबलं की तो पासवर्ड ओलांडता येतो. ती चूक लगेच दुरुस्त झाली, पण मुळात डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली तर ग्रबचा पासवर्ड मध्ये येतच नाही. फर्मवेअरमधलं सिक्युअर बूट सही नसलेल्या कर्नलला अडवतं, तुमच्या फाइली मात्र झाकत नाही. प्रवासात बरोबर नेण्याच्या लॅपटॉपसाठी खरा उपाय म्हणजे बसवतानाच डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडणं. मग मेनूतली कुठलीही ओळ निवडली, नवं कर्नल असो, जुनं असो की रिकव्हरी, डिस्कचा पासवर्ड दिल्याशिवाय फाइली उघडत नाहीत. तो पासवर्ड मात्र कागदावर लिहून घरात जपून ठेवा, कारण तो हरवला तर रिकव्हरी मोडही तुम्हाला आत घेऊ शकत नाही.